परत वाच ना!

तेच पुस्तक, तीच पानं, तोच फुगेवाला. वाचणाऱ्याला जांभया येऊ लागतात आणि मांडीवरचं मूल शेवटचं पान उलटायच्या आत फर्मान सोडतं, "परत!" एखादं वाक्य गाळून पुढे सरकायला जावं, तर चोरी तिथल्या तिथे पकडली जाते. घरात इतकी पुस्तकं पडली आहेत, याला नवीन काही नकोच का?

नको असतं, आणि त्यात त्याचाच फायदा असतो. मानसशास्त्रज्ञ जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांबरोबर एक साधा प्रयोग केला. गोष्टींमध्ये अनोळखी वस्तू आणि त्यांची बनावट नावं पेरली. काही मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. पण एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या लक्षात ते जास्त राहिले. पहिल्या वाचनात मुलाची सगळी शक्ती 'हा कोण, तो कुठे चालला' यातच खर्च होते. गोष्ट ओळखीची झाली, की मग शब्दांकडे लक्ष द्यायला सवड मिळते, असं याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

तेव्हा पुस्तकं किती आहेत याची फार काळजी नको. 'शैक्षणिक' असा शिक्का मारलेलं, झडपा उघडणारं, ओढलं की चित्र हलणारं पुस्तक तर कधी कधी आडवंच येतं. लहान मुलं अशा करामती असलेल्या पुस्तकांपेक्षा साध्या, खऱ्यासारख्या चित्रांच्या पुस्तकांतून नवे शब्द चांगले शिकतात, हे २०१० च्या एका अभ्यासात दिसलं. हात झडपेत गुंतले, की डोकंही तिथेच अडकतं.

खरा फरक पडतो तो वाचता वाचता काय बोललं जातं त्याने. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांचा १९८८ चा प्रयोग या विषयात अजूनही सांगितला जातो. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप, दोन गट. दोन्ही गट घरी वाचत होतेच, पण एका गटाला वाचायची रीत थोडी बदलायला शिकवलं: सरळ वाचत सुटायचं नाही, मोकळे प्रश्न विचारायचे आणि मूल जे बोलेल त्यात भर घालून ते त्याला परत द्यायचं. महिनाभराने या गटातली मुलं बोलण्याच्या एका चाचणीत सुमारे ६ महिन्यांनी, तर दुसरीत ८.५ महिन्यांनी पुढे होती. मुलं मोजकीच होती, त्यामुळे हा आकडा प्रत्येक घरात जसाच्या तसा निघेल असं नाही. पण रीत इतकी सोपी आहे, की करून बघायला काहीच हरकत नाही.

समजा, चित्रात एका मुलाच्या हातातून फुगा सुटलाय. "हे काय आहे?" असं विचारलं, की "फुगा" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी "इथे काय झालं रे?" असं विचारून बघा.

"गेला."

"कुठे गेला?"

"वर."

"हो ना, हातातून सुटला आणि वर उडून गेला."

'गेला' आणि 'वर' या दोन शब्दांचं पूर्ण वाक्य झालं, तेही मुलाच्याच शब्दांवर उभं राहिलेलं. यात सगळ्यात अवघड काय असेल, तर प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. दोन सेकंद गेले, की मोठ्यांना राहवत नाही आणि उत्तर त्यांच्याच तोंडून निघून जातं.

शब्द कुणाच्या तोंडून निघतो, याचं महत्त्व खेळातही दिसतं. १, २, ३ असे आकडे ओळीने लिहिलेल्या घरांवरून सोंगटी चालवायचा खेळ शाळापूर्व वयातल्या मुलांची संख्यांची समज वाढवतो, हे रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये दाखवलं. पुढच्या एका अभ्यासात त्यातली खोच कळली. सोंगटी ५ वर आहे आणि २ पडले, तर बहुतेक मुलं "एक, दोन" म्हणत सरकतात. घरातले आकडे वाचत "सहा, सात" म्हणणारी मुलं जास्त शिकली. तोच पट, त्याच सोंगट्या, फक्त तोंडातला शब्द वेगळा. सापशिडी खेळताना एवढं जरूर करून बघा.

आता पुन्हा त्या फुग्याकडे. माझ्या भाचीला मी विचारलं, "याला कसं वाटतंय?" मला "वाईट" हे उत्तर हवं होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "त्याला वाटतंय आता आई ओरडेल." माझ्या डोक्यात आई नव्हतीच! सीलिया ब्राउनेल यांच्या २०१३ च्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांशी पालक पुस्तक बघताना कसं बोलतात, हे टिपलं होतं. चित्रातल्या भावनेचं नाव आणि कारण जे पालक मुलाकडून काढून घेत, त्यांची मुलं दुसऱ्याला मदत करण्यात आणि आपली वस्तू देण्यात पुढे होती. पालकांनी स्वतःच भावनांवर कितीही बोलून घेतलं, तरी त्याचा तसा संबंध दिसला नाही. एकामुळेच दुसरं घडतं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, हेही खरं.

आणि बोधकथा? कांग ली यांच्या गटाने २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली. पाठीमागे खेळणं ठेवायचं, "वळून बघू नकोस" असं सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. बरीच मुलं बघतातच. मग परत येऊन एक गोष्ट वाचायची आणि विचारायचं, "बघितलंस का?" 'लांडगा आला रे आला'चा काही उपयोग झाला नाही, खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओचाही नाही. उपयोग झाला तो झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीचा, जिच्यात खरं बोलल्याबद्दल वडील त्याचं कौतुक करतात. ती गोष्ट ऐकलेल्या मुलांपैकी जास्त जणांनी कबुली दिली. संशोधकांनी मग तिचाच शेवट फिरवून कौतुकाच्या जागी खोटेपणाचा वाईट परिणाम घातला. तो गुण गेला.