गिनी कोंबडीच्या पिलांची शुश्रूषा

गिनी कोंबडीच्या पिलांची शुश्रूषा : गारठलेल्या, आजारी वा जखमी पिलाला जगवण्यासाठी करावयाची उपाययोजना. गिनी कोंबडी (गिनी फाउल, शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिआग्रिस, कुल न्यूमिडिडी) हा मूळचा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतला पक्षी. पूर्ण वाढलेला पक्षी अतिशय काटक असतो. पिलू मात्र पहिले दोन-तीन आठवडे साध्या कोंबडीच्या पिलापेक्षाही नाजूक असते. इंग्रजीत त्याला ‘कीट’ म्हणतात. मराठीत कीट म्हणजे किडा, त्यामुळे या नोंदीत ‘पिलू’ हाच शब्द वापरला आहे.

ही पिले माणसाने सांभाळल्याचा एक फार जुना उल्लेख ग्रीक आहे. इ. स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या अथेनीअसने मायलीटस या ग्रीक नगरातील क्लायटसचा एक उतारा दिला आहे. क्लायटस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य समजला जातो, म्हणजे मूळ मजकूर साधारणपणे इ. स. पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतर लवकरचा असावा. लेरॉस बेटावरील देवीच्या मंदिरापाशी ‘मेलिआग्रिस’ पक्षी असत. त्यांना पिलांची माया नसते, ती लहान पिलांकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे पुजाऱ्यांनाच पिलांचा सांभाळ करावा लागतो, असा त्याचा आशय आहे. रोमन शेतीलेखक कॉल्युमेला (इ. स. पहिले शतक) मात्र न्यूमिडियन (उत्तर आफ्रिकेतील) कोंबडीचे, म्हणजे गिनी कोंबडीचे, संगोपन बहुतांशी मोरासारखेच, असे एका वाक्यात सांगून पुढे जातो.

कॉल्युमेलाच्याच मजकुरावरून एक वाद उभा राहिला आहे : प्राचीनांना माहीत असलेली गिनी कोंबडी एकाच प्रकारची होती की दोन. आफ्रिकी किंवा न्यूमिडियन कोंबडी मेलिआग्रिससारखीच असते, पण तिचा तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या मांसल पाळ्या तांबड्या असतात, तर मेलिआग्रिसच्या निळ्या, असे तो लिहितो. पश्चिम आफ्रिकेतील उपजातीच्या पाळ्या तांबड्या आणि ईशान्य आफ्रिकेतील उपजातीच्या निळसर असतात. त्यामुळे प्राचीन भूमध्य प्रदेशात दोन वाटांनी दोन प्रकारचे पक्षी आले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. नाईलच्या बाजूने या पक्ष्याची ओळख फार जुनी आहे; ईजिप्तच्या चित्रलिपीत गिनी कोंबडीचे स्वतंत्र चिन्हच आहे. रोमन काळानंतर यूरोपातील पाळीव वाण बहुधा नामशेष झाला आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनी गिनीच्या किनाऱ्यावरून तो पुन्हा नेला, असे सामान्यतः मानतात. आजचे पाळीव पक्षी या पश्चिम आफ्रिकी शाखेचे समजले जातात. पुढे अमेरिकेतून टर्की आल्यावर नावांचा गोंधळ वाढला. लिनीअसने १७५८ मध्ये टर्कीच्या प्रजातीला ‘मेलिआग्रिस’ हे नाव दिले आणि गिनी कोंबडीकडे ते जातिनाम म्हणून राहिले. सोळाव्या-सतराव्या शतकांतील यूरोपीय ग्रंथांत ‘मेलिआग्रिस’च्या पिलांविषयी काही आढळले, तर ते नेमक्या कोणत्या पक्ष्याविषयी आहे हे आधी तपासावे लागते.

पिलांची माया नसते हा क्लायटसचा शेरा पुढेही टिकून राहिला. गिनी कोंबडी ‘वाईट आई’ असते असे पाळणारे आजही म्हणतात. रानातील निरीक्षणे याच्याशी जुळत नाहीत. रानात नरही पहिल्या आठवड्यांत पिलांना पंखाखाली घेतो. मात्र थवा चालत राहतो आणि दव पडलेल्या गवतातून जाताना भिजलेले पिलू मागे पडते. पिलाची लव पाणी अडवत नाही, वजन जेमतेम २५ ते ३० ग्रॅम असते आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता अजून पुरती आलेली नसते. ते तासा-दोन तासांत गारठते. आईची माया कमी पडते असे म्हणण्यापेक्षा ओले गवत घातक ठरते, असे म्हणणे योग्य.

म्हणून शुश्रूषेचा क्रम ठरलेला आहे : आधी ऊब, मग पाणी, शेवटी खाद्य. गारठलेल्या पिलाची पचनक्रिया जवळजवळ थांबलेली असते. त्याला लगेच भरवले तर अन्न गळ्याजवळच्या पिशवीत तसेच राहून आंबते. पिलू कोरड्या फडक्याने टिपावे आणि विजेच्या दिव्याखाली ठेवावे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५° से. तापमान लागते, पुढे दर आठवड्याला ते अंदाजे ३° से. कमी करतात. तापमापकापेक्षा पिलांचे वागणे खात्रीचे असते. दिव्याखाली गर्दी करून ती चिवचिवत असतील तर गारवा आहे. लांब जाऊन चोच उघडी टाकून धापत असतील तर उष्णता जास्त आहे. पिलू हालचाल करू लागल्यावर गुळाचे किंवा ग्लुकोजचे कोमट पाणी चोचीच्या कडेला थेंबथेंब लावावे, म्हणजे ते आपणहून गिळते. तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते आणि वाचू शकणारे पिलू दगावते. पाण्याचे भांडे उथळ ठेवून त्यात गोटे टाकावेत, कारण एवढ्याशा पाण्यातही ही पिले बुडतात.

एकटे पडलेले पिलू आक्रोश करून थकते. आजारी पिलाला वेगळे काढायचे झाले तरी जाळीच्या पलीकडे भावंडे दिसतील असे ठेवावे; आजार संसर्गजन्य नसेल तर एक शांत पिलू सोबतीला द्यावे. शुश्रूषेतला हा भाग हमखास राहून जातो, आणि तो औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

पायांच्या तक्रारींत दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे आवश्यक असते. वर्तमानपत्रासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर नवजात पिलाचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच दोन्ही पाय मऊ पट्टीने, नैसर्गिकरीत्या उभे राहताना असते तेवढे अंतर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधले आणि खाली गोणपाट अंथरले, तर बहुतेक पिले काही दिवसांत सरळ उभी राहतात. याउलट पायाच्या मधल्या सांध्यावरील स्नायुबंध जागेवरून घसरला असेल, सांधा सुजलेला व चपटा दिसत असेल, तर पट्टीचा उपयोग होत नाही. त्यामागे बहुधा मँगॅनीज किंवा कोलीन यांची कमतरता असते आणि उपाय खाद्यात करावा लागतो. बोटे आत वळणे हे ब-२ जीवनसत्त्वाच्या आणि मान मागे टाकून आभाळाकडे पाहत राहणे हे ब-१ च्या अभावाचे लक्षण आहे. मान वाकडी होणे राणीखेत (मानमोडी) या विषाणुजन्य रोगातही दिसते, त्यामुळे निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावे. गिनी कोंबडीला पाय धरून कधीही उचलू नये. हाडे सहज मोडतात. दोन्ही पंखांसह अंग धरावे.

जखम कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन झाकावी. लाल रंग दिसला की बाकीची पिले तेथेच टोचत राहतात. हळद लावण्याची घरगुती पद्धत निदान तो रंग लपवण्यासाठी उपयोगी पडते. मांजराच्या दाताची जखम बारीक दिसली तरी तिच्यातून पाश्चरेला जीवाणू आत गेलेले असू शकतात. तेथे केवळ हळदीवर विसंबू नये.

हगवणीची कारणे अनेक. रक्ती हगवण आयमेरिया या परजीवींमुळे होते. कोणत्या पक्ष्याच्या शरीरात राहायचे याबाबत ते चोखंदळ असतात. गिनी कोंबडीचे आयमेरिया न्यूमिडी आणि आयमेरिया ग्रेनिएरी वेगळे, साध्या कोंबडीचे वेगळे. त्यामुळे आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे अंडी खुडूक कोंबडीखाली उबवली (२६ ते २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्यांपेक्षा आठवडाभर अधिक), तर तिच्याकडून पिलांना ही हगवण लागण्याचा धोका थोडा. मात्र तिच्या पोटातील हेटेराकिस जंतांच्या अंड्यांतून हिस्टोमोनस हा यकृत पोखरणारा परजीवी येऊ शकतो, म्हणून दाई कोंबडीला आधी जंताचे औषध द्यावे. अंथरलेले तूस ओले राहिल्यास आयमेरियाची बीजे एक-दोन दिवसांतच संसर्गक्षम होतात. औषधांत अँप्रोलियम वापरतात. ते ब-१ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणूनच परिणाम करते, त्यामुळे मात्रा वाढवणे घातक. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात आयमेरियाविरुद्ध घातलेली काही आयनोफोर गटातील औषधे टर्कीला विषारी ठरतात. गिनी पिलांनाही असे खाद्य पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

फ्रान्समध्ये १९७०च्या दशकापासून गिनी कोंबड्यांत अचानक मोठ्या संख्येने मरतूक घडवणारा आंत्रशोथ दिसत होता. कारण न सापडल्याने त्याला ‘रोग एक्स’ म्हटले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो टर्कीतील विषाणूशी जवळचे नाते असलेल्या गॅमा-करोना विषाणूशी जोडला गेला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे उद्भवलेला ‘टर्की एक्स’ याहून सर्वस्वी भिन्न. तो अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा परिणाम होता. आपल्याकडे शेंगदाणा पेंड सर्रास वापरली जात असल्याने व्यवहारात हा दुसरा ‘एक्स’ अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. हगवणीवर सरसकट प्रतिजैविक देणे टाळावे. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

सावरत असलेल्या पिलाला २४ ते २६ टक्के प्रथिनांचे बारीक खाद्य द्यावे. उकडलेल्या अंड्याचा चुरा बहुतेक पिले लगेच टिपतात. टोगो, बुर्किना फासो या प्रदेशांत ओलसर काडी-शेण भरलेली मातीची मडकी वारुळावर पालथी घालून वाळवी गोळा करतात आणि ती पिलांना घालतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी हे वाण विकसित केले आहेत; त्यांच्या पिलांनाही वरील निगा तशीच लागू पडते.

बरे झालेले पिलू थव्यात सोडताना दिवसा सोडू नये. इतर पिले त्याला परके समजून टोचतात. अंधार पडल्यावर, सगळी निजली असताना, त्याला हलकेच त्यांच्यामध्ये ठेवावे आणि सकाळी उजाडताच पाहून यावे.