चिनी देवळात ताओ कुठला आणि बुद्ध कुठला?

माझगावात नवाब टँक रोडजवळ मुंबईचं चिनी देऊळ आहे. क्वांगतुंग प्रांतातल्या ‘सी यूप’ म्हणजे चार तालुक्यांमधून इथे आलेल्या चिनी लोकांनी ते १९१९ साली उभारलं. खालच्या मजल्यावर करुणेची देवी क्वान यिन, वरच्या मजल्यावर लाल चेहऱ्याचा, छातीवर दाढी रुळणारा योद्धा क्वान कुंग. हे देऊळ बौद्धांचं की ताओंचं, म्हणजे चीनमध्येच जन्मलेल्या ताओ धर्माच्या लोकांचं? क्वान यिनकडे बघून बौद्ध म्हणावं, तर वर क्वान कुंग बसलेला. त्याच्याकडे बघून ताओ म्हणावं, तर हाच योद्धा कित्येक बौद्ध मठांतही राखणदार म्हणून उभा असतो.

तैपेई, हाँगकाँग, सिंगापूर फिरून आलेल्यांचीही अशीच गल्लत होते. लाल खांब, टोकाला वर वळलेली छपरं, ड्रॅगन, उदबत्त्यांचा धूर दोन्हीकडे सारखाच. शिवाय आपल्यापैकी बऱ्याच जणांची ताओ परंपरेचे आद्य गुरू मानले जाणारे लाओ त्से यांच्याशी ओळख ओशोंच्या पुण्यातल्या प्रवचनांमधून झाली, आणि तिथे ताओ आणि झेन ही बौद्ध शाखा बहुतेक वेळा एकाच दमात येतात. त्यातून ताओ म्हणजे बौद्ध धर्माचंच चिनी रूप, अशी समजूत रुजली. ती बरोबर नाही. दोन्हींनी एकमेकांकडून भरपूर घेतलं, पण मुळाशी असलेला प्रश्नच निराळा आहे. तो लक्षात आला की देवळातल्या बाकीच्या खुणा उलगडत जातात.

बुद्धाचा प्रश्न दुःखाचा आहे. जन्म, जरा, मरण हे चक्र तृष्णेमुळे फिरत राहतं आणि त्यातून सुटायचं आहे. ताओ परंपरेला हा जन्म सुटून जाण्याजोगा वाटतच नाही. सगळं ज्यातून उमटतं आणि ज्यात परत जातं तो ताओ. त्यातून ‘छी’ म्हणजे प्राण, छीतून यिन आणि यांग या एकमेकींना पूरक शक्ती, आणि त्या दोघींच्या मिसळण्यातून डोंगर, नद्या, माणसं. शरीर हे त्याच विश्वाचं छोटं रूप. म्हणून शरीर जपायचं, छी वाया जाऊ द्यायची नाही, आणि साधलंच तर ती इतकी शुद्ध करायची की माणूस ‘श्येन’ म्हणजे अमर व्हावा. एकाला चक्राबाहेर पडायचं आहे, दुसऱ्याला याच सृष्टीत टिकायचं आहे. मला हाच सगळ्यात खोल फरक वाटतो, आणि तो मूर्तींपेक्षा तिथल्या माणसांकडे बघून जास्त लवकर कळतो.

डोक्यापासून सुरुवात करा. बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणी मुंडण करतात. ताओंच्या छ्वेनझेन पंथातले संन्यासी केस कापत नाहीत. ते वर गोळा करून बुचडा बांधतात आणि त्यात काडी खोचतात. आईवडिलांकडून मिळालेल्या देहाला, अगदी केसांनाही, इजा करू नये ही चीनमधली जुनी शिकवण. बौद्ध धर्म तिथे पोहोचला तेव्हा भिक्षूंच्या मुंडणावर मोठी टीका झाली ती याच कारणाने. ताओंचा झगा सहसा गडद निळा किंवा काळा, भिक्षूंचा करडा, तपकिरी किंवा पिवळा. नमस्कारही वेगळा. भिक्षू आपल्यासारखेच हात जोडतात. ती रीत भारतातूनच तिकडे गेली. ताओ पुजारी उजव्या मुठीवर डावा हात धरून छातीसमोर आणतो.

मात्र सगळेच ताओ पुजारी संन्यासी नसतात. दुसरा मोठा पंथ झेंगयी. इसवी सन १४२ मध्ये सिचुआनच्या डोंगरात लाओ त्से देवरूपाने चांग ताओलिंग यांच्यापुढे प्रकट झाले, अशी या परंपरेची श्रद्धा आहे. अनुयायी वर्गणी म्हणून पाच मापं तांदूळ देत, त्यामुळे ‘पाच माप तांदळाचा पंथ’ हेच नाव पडलं. या वाटेचे पुजारी लग्न करतात, आपापल्या घरी राहतात, आणि विद्या बऱ्याचदा बापाकडून मुलाकडे जाते. पूजेचा झगा उतरवला की गर्दीत ते ओळखूही येणार नाहीत.

मठ, ब्रह्मचर्य आणि रोजचा शाकाहार छ्वेनझेन पंथात आला तो बऱ्याच अंशी बौद्धांकडे बघून. १२व्या शतकात वांग छोंगयांग यांनी हा पंथ सुरू केला. त्यांचे शिष्य छ्यू छूजी यांना चंगीझ खानाने बोलावणं धाडलं. सत्तरी ओलांडलेले छ्यू चीनमधून निघून थेट हिंदुकुशापर्यंत गेले आणि १२२२ साली खानाला भेटले. अमर होण्याचं औषध आणलंय का, हा खानाचा पहिला प्रश्न. आयुष्य जपायचे उपाय आहेत, अमर करणारं औषध नाही, असं त्यांनी त्याला सरळ सांगितलं. अर्ध्या जगाला धाक असलेल्या माणसापुढे हे बोलायला किती धैर्य लागलं असेल! बीजिंगमधलं श्वेतमेघ मंदिर त्यांच्या समाधीचं स्थान, आणि चीनची ताओ संघटना १९५७ पासून तिथेच आहे.

त्या उत्तरामागे शतकांचा कडू अनुभव होता. अमरत्वासाठी आधी बाहेरची किमया चाले. हिंगूळ तापवायचा, पारा काढायचा, त्याच्या गोळ्या करायच्या. तांग घराण्याचे एकाहून अधिक सम्राट अशा गोळ्यांनीच मेले. मग हळूहळू भट्टी शरीराच्या आत सरकली. नाभीखालचं ‘दानत्येन’ हे चूल, श्वास हा भाता, आणि छी पाठीच्या कण्यातून वर चढवून, डोक्यावरून पुढे आणून परत खाली उतरवायची. बौद्ध साधक आणि ताओ साधक दोघंही मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून बसलेले असतात. बाहेरून फरक दिसत नाही. पण श्वासाकडे बघता बघता काहीच टिकत नाही हे बौद्ध साधकाला उमजायचं असतं, तर ताओ साधक श्वासाला कामाला लावून काहीतरी टिकवू बघतो.

खाण्यापिण्यात तर हे अजून ठळक होतं. चीनमधले भिक्षू मांस खात नाहीत. सहाव्या शतकात सम्राट लिआंग वू यांनी तशी सक्तीच केली. त्याचं कारण करुणा. कांदा-लसूणही वर्ज्य. झेंगयी पुजारी व्रताचे दिवस सोडून मांस खातात, पण चार गोष्टी टाळण्याची रीत सांगितली जाते: राबतो म्हणून बैल, इमानी म्हणून कुत्रा, जोडीदाराशी एकनिष्ठ म्हणून रानहंस, आणि मातृभक्त समजला जातो म्हणून एक काळा मासा. त्याहून जुनी प्रथा धान्य सोडण्याची. एकादशीला धान्य वर्ज्य करणाऱ्या मराठी घरांना ती ओळखीची वाटेल, पण कारण अगदीच वेगळं. शरीरात तीन कृमी राहतात, ते धान्यावर पोसतात, आणि दर ६० दिवसांनी एका ठरावीक रात्री माणूस झोपला की वर जाऊन त्याच्या पापांची चहाडी करतात. मग त्याचं आयुष्य कापलं जातं. उपाय दोन. धान्य तोडून कृमींना उपाशी मारायचं, किंवा त्या रात्री जागायचं.

मरणाजवळ दोन्ही वाटा सगळ्यात जास्त गुंतल्या आहेत. सुरुवातीच्या ताओ परंपरेत पुनर्जन्म नव्हता. इसवी सन ४०० च्या सुमारास लिंगबाओ ग्रंथ तयार झाले आणि त्यांतून कर्म, पुनर्जन्म, नरक हे सगळं बौद्धांकडून आत आलं. आज हाँगकाँगमध्ये अंत्यविधीला ताओ पुजारी तलवार घेऊन कौलं फोडतो, आगीवरून उडी मारतो आणि मृताला नरकातून सोडवतो. त्या विधीचं नावच ‘नरकभेद’. सातव्या चिनी महिन्याच्या पौर्णिमेला तर दोघांचे सण एकाच दिवशी येतात. त्या दिवशी ताओंचा पृथ्वीचा अधिकारी देव मृतांना माफी देतो. बौद्धांच्या कथेत बुद्धशिष्य महामोग्गलान प्रेतयोनीत पडलेल्या आईसाठी भिक्षुसंघाला दान देतात. घरातला माणूस मात्र दाराशी जेवण मांडतो आणि कागदी पैसे जाळतो. आपण कुठल्या धर्माचं करतोय, हा प्रश्न त्याला पडत नाही.

पंडितांना तो प्रश्न पुरेपूर पडला होता. लाओ त्से पश्चिमेला निघून गेले, भारतात पोहोचले आणि तिथे तेच बुद्ध झाले, किंवा त्यांनीच बुद्धाला शिकवलं, असा एक ताओ ग्रंथ होता. बौद्धांना तो शतकानुशतके सलत राहिला. शेवटी मंगोल दरबारात १२५८ साली समोरासमोर वाद झाला, ताओ पक्ष हरला, आणि १२८१ मध्ये कुबलाई खानाने लाओ त्सेंचा मूळ ग्रंथ वगळून ताओंचे इतर ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. त्यातून जे वाचलं आणि नव्याने जमलं, ते १४४५ च्या सुमारास मिंग काळात पुन्हा एकत्र छापलं गेलं.

यात भारताचाही एक धागा आहे. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला युआन श्वांग, पुलकेशीचं राज्य पाहून गेलेला, चीनला परतला. ६४७ च्या सुमारास कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, राजाने लाओ त्सेंचा ग्रंथ संस्कृतमध्ये मागितला आणि सम्राटाने ते काम त्याच्यावर सोपवलं. मदतीला ताओ पंडित दिले. ते बौद्ध परिभाषेत अर्थ सांगू लागले आणि युआन श्वांगने तिथेच हरकत घेतली. दोन्ही विचार एक नाहीत, उसन्या शब्दांनी ते एक करू नका, हा त्याचा आग्रह होता. महाराष्ट्रापासून चीनपर्यंतचा बौद्ध धर्म स्वतः पाहिलेल्या माणसाचं हे मत मला फार मोलाचं वाटतं.

आता पुन्हा देवांकडे. क्वान यिन म्हणजे अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या ४१व्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. चीनमध्ये काही शतकांत तो स्त्रीरूप झाला, आणि ताओंनीही तिला वेगळं नाव देऊन आपल्या देवमंडळात घेतलं. क्वान कुंग हा क्वान यू नावाचा खराखुरा सेनापती, इसवी सन २२० च्या आसपास मारला गेलेला. त्याला दोन्ही धर्मांनी आपलं म्हटलं. म्हणून या दोघांवरून काही ठरवू नये. ताओंची पक्की खूण म्हणजे तीन विशुद्ध देव. शेजारी शेजारी बसलेले तीन दाढीवाले वृद्ध, त्यांतल्या एकाच्या हातात पंखा. ते देवरूपातले लाओ त्से. बौद्ध सभामंडपातही तीन मूर्ती ओळीने असतात, पण त्या बिनदाढीच्या, कुरळ्या केसांच्या आणि कमळावर बसलेल्या बुद्धांच्या.

काळ्या-पांढऱ्या माशांचं वर्तुळ आणि भोवतीच्या आठ रेषाचिन्हांच्या चौकटी दिसल्या की ताओ, हे बहुधा बरोबर ठरतं. ते वर्तुळ लाओ त्सेंच्या काळातलं मात्र नव्हे, ते कित्येक शतकांनंतरचं. बौद्ध मठांवर धम्मचक्र किंवा स्वस्तिक असतं. लोक जमिनीवर अर्धचंद्राचे दोन लाकडी तुकडे टाकत असतील, एक उताणा आणि एक पालथा पडला म्हणजे देवाचा होकार, तर ते देऊळ ताओ किंवा लोकदेवतेचं असण्याचा संभव जास्त.

पाटी वाचून घेता आली तर काम सोपं. नावाच्या शेवटी ‘स्स’ असेल तर बौद्ध, ‘ग्वान’ किंवा ‘गुंग’ असेल तर बहुधा ताओ, ‘म्याओ’ असेल तर लोकदेवता, पूर्वज किंवा कन्फ्यूशियस. तैपेईचं १७३८ सालचं लुंगशान स्स नावाने बौद्ध, आणि मुख्य गाभाऱ्यात क्वान यिनच आहे. पण मागच्या दालनांत समुद्रदेवी माझू, क्वान यू, परीक्षा देणाऱ्या मुलांचा देव वेनछांग आणि लग्नं जुळवणारा वृद्ध देव आहेत, आणि लाकडी तुकडे टाकणाऱ्यांची गर्दी तिथे दिवसभर असते. तिथे पुढच्या दालनातून मागे जाताना लोक काय मागतात आणि कसं मागतात, ते बघत जा.