अटनबरो : आडनाव एक, मूळपुरुषही एकच?

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम शहराजवळ ट्रेंट नदीच्या काठी अटनबरो नावाचं गाव आहे. हे नाव जुन्या इंग्रजीतलं आहे. ‘अड्डा’ नावाच्या कुणाची तरी ‘बुर्ह’, म्हणजे तटबंदीची वस्ती. पेडण्याहून आलेला पेडणेकर व्हावा, तसा या गावचा माणूस परगावी अटनबरो झाला. निसर्गअभ्यासक डेव्हिड आणि ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड या भावांमुळे हे आडनाव जगाला माहीत झालं, पण खुद्द ब्रिटनमध्ये ते दुर्मीळच आहे.

इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं रुजू लागली ती १०६६च्या नॉर्मन विजयानंतर. आधी जमीनदारांत, मग हळूहळू सामान्य घरांत. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त पुरुषांत असणारा आनुवंशिक घटक, तोही त्याच वाटेनं, जवळजवळ न बदलता. मग एका आडनावाच्या पुरुषांचं वाय गुणसूत्रही एकच असतं का? लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तपासणी करून २००९ साली याचं उत्तर दिलं. (डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील याच संस्थेचे पूर्वी प्राचार्य होते, हा मोठा सुंदर योगायोग.)

स्मिथ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी होते. त्यामुळे दोन स्मिथांमधलं नातं रस्त्यावरच्या कुठल्याही दोन माणसांपेक्षा जवळचं निघालं नाही. अटनबरोंचं मात्र वेगळं. त्यांच्यातल्या बहुतांश पुरुषांकडे एकाच प्रकारचं वाय गुणसूत्र होतं, आणि तेही ब्रिटनमध्ये क्वचितच आढळणाऱ्या ‘ई’ गटातलं. इतक्या जणांत ते योगायोगानं येणं शक्य नाही. ते एकाच पूर्वजाकडून आलं असणार.

याचा अर्थ सुरुवातीला अटनबरो एकच होता, असा मात्र नाही. मला यातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. त्या गावातून तीन-चार माणसं निघाली असतील आणि सगळ्यांनी तेच नाव लावलं असेल. पण ज्या घरात फक्त मुली झाल्या किंवा मुलगे लहानपणीच गेले, तिथे आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही थांबली. १३४८मध्ये इंग्लंडात आलेल्या प्लेगनं तर कितीतरी वंश बुडवले. मुळातच माणसं थोडी असली, की अशा निव्वळ योगायोगानं काही शतकांत एकाच पूर्वजाची शाखा उरू शकते. स्मिथ इतके होते, की त्यांच्या असंख्य शाखा टिकल्या.

थोडे अटनबरो या गटाबाहेर का राहिले? दत्तक मुलगा, आईचं आडनाव लावणं, विवाहबाह्य संतती अशी कारणं असतात. आडनाव आणि वाय गुणसूत्र यांच्या साखळीतले असे खंड या अभ्यासानं पिढीमागे साधारण १ ते ४.५ टक्के धरले आहेत. राजघराणीही यातून सुटली नाहीत. लेस्टरमध्ये वाहनतळाखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या हाडांमधलं वाय गुणसूत्र त्याच्या पितृवंशातल्या म्हणून तपासलेल्या पाच हयात पुरुषांपैकी एकाशीही जुळलं नाही.