शेपू की बडीशेप?

शेपूचं आणि बडीशेपेचं कोवळं रोप शेजारी ठेवलं तर भलेभले गोंधळतात. दोघांची पानं दोऱ्यासारखी बारीक, फुलं पिवळी, फुलोरा छत्रीसारखा. कूळही एकच, गाजर-कोथिंबिरीचं. अशा वेळी नजरेपेक्षा नाकावर भिस्त ठेवावी. पान चुरगाळा: गोडसर वास आला तर बडीशेप, उग्र हिरवा दर्प आला तर शेपू.

बियांत मात्र गफलत व्हायचं कारण नाही. बडीशेपेचा दाणा लांबट, भरीव, अंगावर ठळक उभ्या रेषा. शेपूचं बी, म्हणजे बाळंतशेप, चपटं, तपकिरी आणि वजनाला हलकं. कडेला फिकट, पातळ झालर असते.

बडीशेपेची गोडी साखरेची नव्हे, अॅनेथोलची. हे द्रव्य साखरेच्या सुमारे १३ पट गोड, त्यामुळे दाण्यात ते चिमूटभर असलं तरी चावताच जिभेला कळतं. पाण्यात ते जेमतेम विरघळतं, तेलात चटकन. म्हणूनच बडीशेप भरडून कोमट तेलात टाकली की जो वास सुटतो, तो नुसत्या रश्श्यात उकळून सुटत नाही. तेल फार तापवू नका, करपलेली बडीशेप कडू लागते.

शेपूच्या बियांचा वास मुख्यतः कार्वोन या द्रव्याचा. गंमत म्हणजे याच कार्वोनचा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा रेणू स्पिअरमिंट पुदिन्याला त्याचा वास देतो. अणू तेच, संख्याही तीच, फक्त मांडणी उलटी. पण नाक फसत नाही.

भाजी म्हणून पाहिलं तर दोघांचे मार्ग पारच वेगळे. शेपूची पानं खायची; बडीशेपेच्या एका जातीचा बुडाशी फुगलेला पांढरा गड्डा. तो जमिनीखालचा कंद नव्हे, एकावर एक बसलेले पानांचे जाड देठ असतात. कच्चा, कागदासारखा पातळ चिरला तर कुरकुरीत आणि वासाला तेज. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परतला तर वास निवतो, गोडी वाढते. माझं मत विचाराल तर परतलेलाच सरस. शेपूचं उलट आहे. तिचा ताजा वास आचेवर उडून जातो, म्हणून बटाटा, मासे किंवा दह्याच्या पदार्थात ती शेवटी, गॅस बंद करताना घालावी. वाळवलेल्या शेपूत तर फारसं काही उरत नाही.

पोषणाच्या बाबतीत आकडे जपून वाचावेत. १०० ग्रॅम बडीशेपेत जवळपास ४० ग्रॅम तंतू आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, हे ऐकायला भारी वाटतं. पण १०० ग्रॅम बडीशेप एका वेळी कोण खातं? चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम दाण्यांतून कॅल्शियम मिळतं सुमारे २४ मिलिग्रॅम. खरा उपयोग भाजी म्हणून खाताना. गड्ड्याच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ३१ कॅलरी, ३ ग्रॅम तंतू, ४१४ मिलिग्रॅम पोटॅशियम. शेपूची पानं त्याहून सरस: तेवढ्याच वजनात ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, गड्ड्यात ते १२ च. अर्थात १०० ग्रॅम शेपू म्हणजे भली मोठी जुडी. वरून भुरभुरलेल्या चार काड्यांना हा हिशोब लागू नाही.

एक नसली तर दुसरी चालेल का? बियांच्या बाबतीत नाही. सजावटीला बडीशेपेची कोवळी पानं शेपूऐवजी घेता येतात, पण पदार्थ गोडाकडे झुकेल, म्हणून लिंबू थोडं जास्त पिळावं.