चिप शाबूत, बिजागरी गेलेली

जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास सापडते : ‘सेल नसल्यामुळे चालू करून पाहिलेले नाही.’ वस्तू असते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा, खिशात मावणारा संगणक, म्हणजे पामटॉप. त्याला लागतात दोन साधे पेन्सिल सेल, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तसलेच. हे वाक्य वाचले की मी मनातल्या मनात किंमत निम्मी करतो. सेल घालून पाहिलेले असतात आणि यंत्र चालू झालेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. तरीही माझ्याकडची सगळ्यात चांगली यंत्रे मला याच वाक्याने मिळवून दिली आहेत. बंद पडलेल्या पामटॉपमधला संगणक बहुतेक वेळा बिघडलेला नसतोच. बिघडलेले असते ते त्याच्या भोवतीचे सगळे : स्प्रिंग, गोंद, रबर, प्लास्टिक, तांब्याची पट्टी.

ही यंत्रे स्मार्टफोनच्या आधीच्या पिढीतली. १९८९ साली आलेला अटारी पोर्टफोलिओ तीन पेन्सिल सेलवर चालायचा आणि त्याची मेमरी होती १२८ किलोबाइट. १९९४ च्या एचपी २०० एलएक्समध्ये एमएस-डॉस ५ आणि लोटस १-२-३ हे कोष्टकांचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच भरलेले असे, आणि दोन सेलवर तो दोन-तीन आठवडे निघायचा. १९९७ चा सायॉन सिरीज ५ उघडला की त्याचा कीबोर्ड पुढे सरकून येतो. त्यावर दहा बोटांनी टायपिंग करता येते. इतका चांगला कीबोर्ड इतक्या लहान यंत्रात पुन्हा फारसा झाला नाही, असे माझे ठाम मत आहे. १९९६ साली पाम पायलट आला. त्याचा जनक जेफ हॉकिन्स आधी बरेच दिवस त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडायचा. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर लिहिल्याचे नाटक करायचा. आणि अ‍ॅपलचा न्यूटन मेसेजपॅड (१९९३) बाजारात पडला खरा, पण त्याला प्रोसेसर हवा म्हणून १९९० मध्ये अ‍ॅपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून जी कंपनी काढली ती एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलचा प्रोसेसर त्याच घराण्यातला आहे.

आता मुख्य मुद्दा. सिलिकॉनची चिप म्हणजे काळ्या रेझिनमध्ये बंद केलेला स्फटिक. कमी वीज, कमी उष्णता आणि हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे ती झिजणार तरी कशाने? त्यात या यंत्रांचे मूळ प्रोग्राम बहुधा मास्क रॉममध्ये असतात, म्हणजे चिप बनवतानाच तिच्या रचनेत कोरलेले. ते पुसले जात नाहीत. फ्लॅश मेमरीचे तसे नाही. तिथे प्रत्येक बिट म्हणजे एका बंदिस्त कप्प्यात अडकवलेले इलेक्ट्रॉन, आणि ते फार सावकाश का होईना, निसटत राहतात. तरीही मी उघडलेल्या यंत्रांत चिप मेलेली निघाल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

सगळ्यात मोठा गुन्हेगार सेल. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाट द्रावण असते. सेल वापरात नसला तरी जस्त थोडे थोडे गंजत राहते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. आतला दाब वाढत जातो आणि एक दिवस तळाची सील हार मानते. बाहेर आलेला क्षार हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून पोटॅशियम कार्बोनेट बनतो. सेलच्या कप्प्यात दिसणारी पांढरी बुरशी ती हीच. तेवढ्यावर थांबले तर नशीब. हा क्षार ओलसर असतो आणि केशाकर्षणाने तारेच्या आवरणाखालून सरपटत मदरबोर्डपर्यंत जातो. वरून तार धडधाकट दिसते आणि सोलून पाहावी तर आतले तांबे काळे पडलेले. हिरवट रंग दिसला तर तिथे तांब्याचे क्षार झाले आहेत असे समजावे.

सफाईसाठी पुष्कळ लोक खाण्याचा सोडा सुचवतात. अल्कलाइन सेलच्या बाबतीत हा सल्ला उलटा आहे. गळलेला पदार्थ मुळात आम्लारी, त्यावर आणखी आम्लारी टाकून काय होणार? तिथे सौम्य आम्ल हवे : कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब. बारीक फसफस होते, तो कार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. मग डिस्टिल्ड वॉटरने पुसायचे, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्यायचे. सोडा लागतो तो जुन्या झिंक-कार्बन सेलच्या गळतीला, कारण तिच्यात आम्लधर्मी क्लोराइडे असतात. माझा पहिला ‘बंद’ पामटॉप एवढ्यानेच जिवंत झाला. स्प्रिंगवरचा पांढरा थर गेला, नवे सेल घातले आणि पडद्यावर तारीख विचारणारी चौकट आली. त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला तो पडदा दाखवला. कोणावरही काही परिणाम झाला नाही.

म्हणून विकत घेताना मी पडद्याच्या आधी सेलच्या कप्प्याचा फोटो मागतो. कप्प्याचे झाकण हरवले असेल तर संशय घ्यावा, कारण फुगलेले सेल उचकटून काढताना झाकण तुटते. पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसला तर काच तडकून आतला द्रवस्फटिक पसरला आहे. त्याला इलाज नाही. असे यंत्र सुट्या भागांसाठीच घ्यावे. बॅकअपचा बटन सेलही विसरू नये. सीआर २०३२ या नावातच त्याचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. या यंत्रांत तुमची सगळी टिपणे रॅममध्ये असतात, वीज गेली की गेली. मोठे सेल बदलताना हा छोटा सेल रॅम जागी ठेवतो. पामच्या सुरुवातीच्या यंत्रांत त्याऐवजी एक कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा सुटा भाग) असे आणि तो साधारण मिनिटभर तग धरी. दोन्ही सेल एकदम काढणारा माणूस एकदाच काढतो.

दुसरा शत्रू म्हणजे उघडझाप. सायॉन सिरीज ५ ची प्रसिद्ध दुखणाईत जागा म्हणजे पडद्याकडे जाणारी चपटी केबल. यंत्र उघडताना कीबोर्ड सरकतो आणि दरवेळी केबल त्याच ठिकाणी वाकते. पॉलिइमाइडच्या पातळ पट्टीवर तांब्याचे केसासारखे बारीक रस्ते असतात. धातू एकदा वाकवला तर काही होत नाही. हजारदा वाकवला की त्याच्या पृष्ठभागावर नजरेला न दिसणारी चीर पडते आणि प्रत्येक वाकण्याबरोबर ती किंचित पुढे जाते. याला धातूची शिणवट म्हणतात. लोखंडी तार मागेपुढे वाकवून तोडतो तेव्हा आपण हेच करत असतो, फक्त घाईने. लक्षण ओळखीचे आहे : पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा येतात, झाकण एका विशिष्ट कोनात धरले की नाहीशा होतात. अशी केबल सांधण्याच्या फंदात पडू नये. सोल्डरचा ताठ ठिपका वाकणाऱ्या जागी बसवला की चीर त्याच्या शेजारी पडते. नवी केबल घालणे हाच उपाय, आणि हौशी लोकांनी तशा केबली नव्याने बनवून घेतल्याही आहेत.

केबल काढताना एक चूक मी केली आहे, ती सांगून टाकतो. केबल जिथे खोचलेली असते त्या सॉकेटला बहुधा इवलीशी खिट्टी असते. ती आधी उचलायची किंवा पुढे सरकवायची, मग केबल आपसूक सुटते. मला ती खिट्टी दिसलीच नाही. मी चिमट्याने ओढले, केबल आली आणि तिच्यासोबत खिट्टीचे दोन तुकडेही आले. मिलिमीटरभर जाडीचे ते तुकडे मी भिंगाखाली जुळवून पाहिले. त्यानंतर मी यंत्र उघडण्याआधी दिवा बदलला.

बिजागरीचे दुखणे वेगळे. झाकण हव्या त्या कोनात थांबावे म्हणून बिजागरी मुद्दाम घट्ट केलेली असते आणि तो सगळा ताण भोवतालच्या पातळ प्लास्टिकवर येतो. वर्षानुवर्षे ताणाखाली राहिलेले प्लास्टिक कोपऱ्यात तडकते. इथे साधा झटपट गोंद चालत नाही. दोन घटकांचे इपॉक्सी, आत पितळेचा किंवा स्टीलचा पातळ तुकडा आणि चोवीस तास हात न लावण्याचा संयम, एवढे लागते. शेवटचा घटक मिळायला सगळ्यात अवघड.

पडदा मात्र खरी मौज आहे. द्रवस्फटिकाच्या काचेवर मागे-पुढे ध्रुवक फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी फिल्म, चिकटवलेली असते. तिच्यातल्या आधाराच्या थराचे नाव सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेट, म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचाच पदार्थ, आणि आजारही तोच. दमट, उष्ण हवेत त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटू लागते. सुटलेले आम्ल उरलेल्या फिल्मच्या विघटनाला आणखी वेग देते. यंत्र उघडताच व्हिनेगरचा वास आला तर समजावे. फिल्म तपकिरी पडते, तिला बुडबुडे आणि सुरकुत्या येतात, पण काच आणि आतला द्रवस्फटिक ठणठणीत असतो. वरची फिल्म खरवडून काढली की पडदा पूर्ण कोरा दिसतो आणि पोटात गोळा येतो. तेव्हा ध्रुवक काचेचा गॉगल डोळ्यांवर चढवून पाहावे : सगळी अक्षरे जागच्या जागी! अक्षरे तिथे असतातच; आपल्या डोळ्यांना ध्रुवण ओळखता येत नाही, एवढेच. नवी फिल्म लावताना ती ९० अंशांत फिरवली तर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. काहीजण मुद्दाम तशीच ठेवतात.

पडद्यावरच्या काही ओळीच गायब असतील तर दोष बहुधा झेब्रा पट्टीचा. ही रबरी पट्टी असते. कार्बनमिश्रित वीजवाहक थर आणि विद्युतरोधक थर एकाआड एक, झेब्र्याच्या पट्ट्यांसारखे. काच आणि सर्किट यांच्यामध्ये ती नुसती दाबून बसवलेली असते, सोल्डर नाही की काही नाही. पट्टी आणि दोन्ही कडा अल्कोहोलने पुसून पुन्हा दाबून बसवले की अर्ध्या वेळा काम होते.

२००० सालच्या आसपासच्या अनेक यंत्रांना मखमली, रबरासारखा लेप दिलेला असे. तेव्हा तो उंची वाटायचा, आता हाताला गुळासारखा चिकटतो. लेप पॉलियुरेथेनचा, हवेतली आर्द्रता त्याच्या लांब साखळ्या तोडत जाते आणि घन पदार्थाचे पुन्हा चिकट द्रव्य होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पूर्ण निघतो. त्याबरोबर कंपनीचे नाव आणि बटणांवरची छापील चिन्हेही निघतात, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते.

लिथियम-आयन बॅटरीच्या यंत्रांशी मात्र धसमुसळेपणा नको. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये. बरीच वर्षे पूर्ण रिकामी पडलेली बॅटरी चार्ज करण्याचा मोहही टाळावा. व्होल्टेज फार खाली गेले की आतल्या ऋण पट्टीचे तांबे द्रावणात विरघळते आणि पुन्हा चार्जिंग करताना भलत्याच जागी जमून आतून शॉर्ट करू शकते. १९९९ च्या पाम ५ मध्ये ती बॅटरी असते आणि त्याची पेटी गोंदाने चिकटवलेली असते, म्हणजे मंद उष्णता देऊन सावकाश उघडायची. सेलवाली यंत्रे मला जास्त आवडतात यामागे हेही एक कारण आहे.

यंत्र सुरू झाले की माहिती आत-बाहेर नेण्याचा प्रश्न येतो. सिरियल केबल, इन्फ्रारेड हे मार्ग आहेत, पण कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची सोय असेल तर दुसरे काही पाहू नये. फक्त कार्ड लहान घ्यावे. त्या काळच्या फॅट १६ या फायली साठवण्याच्या मांडणीत एका विभागाची मर्यादा २ गिगाबाइट आहे आणि कित्येक यंत्रे त्याच्या खूप आधीच गोंधळतात.

सगळे दुरुस्त झाले तरी एक बिघाड उरतो, आणि तो नेमका चिपच्या बाजूचा आहे. न्यूटनच्या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांक ३० बिटांचा, आणि वेळेचे सेकंद मोजायचे १ जानेवारी १९९३ पासून. ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९१२ सेकंद झाले आणि ५ जानेवारी २०१० रोजी मोजणी उलटली. तोवर उत्पादन बंद होऊन बारा वर्षे होत आली होती, दुरुस्ती हौशी मंडळींनीच लिहिली. पाममध्ये तारखेतल्या वर्षाला ७ बिट आहेत. १९०४ पासून मोजायला सुरुवात केली तर १२८ वर्षे बसतात. त्यामुळे माझ्या टेबलावरच्या पामची नवी ध्रुवक फिल्म, नवे सेल आणि घासून लखलखीत केलेल्या स्प्रिंगा कितीही टिकल्या, तरी त्याच्या कॅलेंडरात ३१ डिसेंबर २०३१ च्या पुढचे पान उघडत नाही.