‘स्टार ट्रेक’ क्विझ ठेवताय? बुकिंगआधी एवढं वाचा

क्विझसाठी फोन आला की आम्ही आधी विचारतो: कुठली ‘स्टार ट्रेक’? १९६६ ते १९६९ या तीन वर्षांत आलेली, ७९ भागांची मूळ अमेरिकन अंतराळ-मालिका, १९८७ साली सुरू झालेली कॅप्टन पिकार्डची ‘द नेक्स्ट जनरेशन’, की सगळंच? दूरदर्शनवर मूळ मालिकेतल्या कॅप्टन कर्क आणि लांब कानांच्या स्पॉकला पाहिलेले काका आणि नव्या मालिकांपासून सुरुवात केलेली पुतणी एकाच कार्यक्रमाला येणार असतील, तर तसं आधीच सांगा. आम्ही दोघांना एका टीममध्ये बसवतो. नाहीतर काका सगळे गुण लुटतात आणि पुतणी मोबाइल काढून बसते.

प्रश्न कसे काढतो

साधा वाटणारा प्रश्नच जास्त भांडणं लावतो. ‘मालिकेचा पहिला भाग कोणता?’ हेच घ्या. सगळ्यांत आधी चित्रित झाला तो ‘द केज’. त्यात कॅप्टन होता पाइक आणि नट जेफ्री हंटर. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने तो नाकारला आणि कर्कच्या भूमिकेत विल्यम शॅटनरना घेऊन दुसरा पायलट, म्हणजे नमुना भाग, करायला लावला. पण ८ सप्टेंबर १९६६ ला एनबीसीवर लागला तो तिसराच, ‘द मॅन ट्रॅप’! दुसरा पायलट दोन आठवड्यांनी दाखवला गेला. म्हणजे तीन टीमनी तीन उत्तरं दिली तरी प्रत्येकीकडे मुद्दा आहे. म्हणून आमच्या प्रश्नात तारीख असते आणि वाहिनीचं नावही. कारण ‘कॅनडात तो दोन दिवस आधीच लागला होता’ असं सांगणारा एक तरी निघतोच, आणि त्याचं खरं असतं.

पाठांतराचे प्रश्न आम्ही कमी ठेवतो. कर्कच्या अंतराळजहाजाचा क्रमांक एनसीसी-१७०१ हे कोणीही सांगेल, त्यात मजा नाही. आमचा आवडता प्रश्न १९६७ च्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’मधला आहे. ट्रिबल म्हणजे केसाळ गोळ्यासारखा प्राणी. एक ट्रिबल, दर बारा तासांनी प्रत्येकाला दहा पिल्लं. तीन दिवसांनी एकूण किती? बहुतेक जण दहाचा सहावा घात करून दहा लाख लिहितात आणि आईला मोजायचं विसरतात. दर वेळी संख्या अकरापट होते, म्हणून स्पॉक सांगतो ते उत्तर १७,७१,५६१. कागद-पेन्सिल आम्ही देतो. मालिका न पाहिलेल्या पाहुण्यालाही हा प्रश्न सुटतो, म्हणून मिश्र गटात तो हमखास घेतो.

भारताशी जोडलेले प्रश्नही असतात. ‘स्पेस सीड’ या भागातला खान उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज जहाजावरची इतिहासतज्ज्ञ बांधते. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोंतालबान यांनी केली. मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९६५ च्या मिस इंडिया, डोक्याचा गोटा करून इलिया झाल्या. पण त्या १९७९ च्या चित्रपटात, मालिकेत नव्हे. तेव्हा हा प्रश्न हवा असेल तर चित्रपटांसह असलेला संच निवडा.

वाद झाला तर

पडद्यावर जे दिसलं किंवा ऐकू आलं, तेच ग्राह्य. जहाजावरच्या संपर्क अधिकारी उहुराचं पहिलं नाव न्योटा हे चाहत्यांना पुस्तकांतून कधीपासून ठाऊक होतं, पण पडद्यावर ते उच्चारलं गेलं २००९ च्या चित्रपटात. दुसऱ्या पायलटमध्ये थडग्याच्या दगडावर ‘जेम्स आर. कर्क’ असं कोरलेलं आहे. पुढे तो जेम्स टी. झाला तरी दगडाबद्दल विचारलं असेल तर ‘आर’लाच गुण! प्रत्येक उत्तरासोबत भागाचं नाव आणि त्यातली वेळ आमच्याकडे लिहिलेली असते. हरकत फेरी संपायच्या आत घ्यावी, जेवणाच्या टेबलावर नव्हे.

तुमच्याकडून काय लागेल

प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, एक माइक आणि टीमगणिक एक टेबल. चौघांची टीम उत्तम. सहाच्या वर गेलं की दोघेच खेळतात. पाच फेऱ्यांना साधारण दीड तास लागतो. मोबाइल सुरुवातीलाच टोपलीत जमा होतील. वेशभूषेला मनाई नाही, फक्त लांब कानांमुळे प्रश्न ऐकू आला नाही ही सबब चालणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये वेगळा प्रवासखर्च नाही.

बुकिंग करणारी व्यक्ती स्वतः खेळणार असेल, तर नमुना प्रश्न तिला पाठवत नाही. कृपया आग्रह करू नये.