ही कोकीळमाशी आहे का? फोटो पाठवण्याआधी वाचा

भाद्रपदात आमच्या रानफुलांच्या सहली सुरू झाल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर रोज तोच प्रश्न येतो: "ही निळी माशी कोणती?" सोबत एकच फोटो, तोही वरून काढलेला. त्यात पाठ आणि पंख दिसतात, पाहायचं तेच दिसत नाही. आम्ही दुसरा फोटो मागेपर्यंत तुम्ही पुण्यात घरी पोचलेले असता.

पाहायचे ते मागचे पाय. निळ्या पट्ट्यांची मधमाशी, म्हणजे अमेगिला, पिल्लांसाठी पराग नेते. मादीच्या मागच्या पायांवर दाट केसांचा ब्रश असतो, बरेचदा परागानं माखलेला. तिच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणारी थायरियस ही कोकीळमाशी. ती फुलावर येते ती स्वतःपुरता मध प्यायला. पराग न्यायचाच नाही, म्हणून पायांवर ब्रश नाही, फिकट केसांचे ठिपके तेवढे असतात.

फक्त पायांवर मात्र विसंबू नका, अमेगिलाचा नरही पराग नेत नाही. मग पोट पाहा. अमेगिलाचे निळे पट्टे या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात. थायरियसच्या काळ्याभोर पोटावर दोन्ही कडांना निळे ठिपके असतात, मधली जागा काळीच.

पोट शंकूसारखं टोकदार असेल तर ती सीलिऑक्सिसची मादी, पानकापी माश्यांच्या घरट्यात घुसणारी.

फोटोवरून आम्ही वंश सांगतो, जात नाही. त्यासाठी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, आणि अंदाजानं नाव ठोकून देणं आम्हाला पटत नाही. माशी बाटलीत भरून आणलेलीही चालत नाही.

"गाडी स्वारगेटहून पहाटे पाचला कशाला?" असंही विचारतात. या माश्या रात्री वाळकी काडी जबड्यात धरून झोपतात. गेल्या पावसाळ्यात सिंहगडाच्या उतारावर एका काकूंनी "मेलीय हो बिचारी" म्हणून अशीच एक थायरियस दाखवली. अंगावर दव, पाय पोटाशी घेतलेले. ऊन पडल्यावर ती थरथरली आणि उडाली. तोवर काकूंना बाजूनं काढलेले सात स्वच्छ फोटो मिळाले होते. उन्हं वर आल्यावर ही माशी क्षणभरही टिकून बसत नाही.

तेव्हा चार फोटो काढा: वरून, बाजूनं, समोरून आणि मागच्या पायाचा जवळून. फुलाचा वेगळा घ्या. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स सहलीपुरती आमच्याकडे मिळते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. फक्त आदल्या दिवशी सांगा, लेन्स मोजक्याच आहेत.